मागच्या फळीबद्दल मी काही बोलणार नाही

मी एक जुनी, उभी, लाकडी पेटी आहे. मित्रांनो, एका संध्याकाळी भरल्या थिएटरात एक माणूस माझ्यात शिरला आणि तो आजतागायत परत आलेला नाही.

असो. असं काही झालेलं नाही. हे वाक्य तुम्ही वाचलं नाही, मी ते बोलले नाही, आणि आपण आता रीतसर माझ्या जन्मापासून सुरुवात करू.

माझा जन्म शाळेच्या मोडक्या बाकांपासून झाला. शाळेनं नवी बाकं घेतली आणि जुनी मागच्या पटांगणात रचून ठेवली. ती एका सुतारानं मागून नेली. याच बाकांवर तो लहानपणी आपल्या दोन दोस्तांबरोबर बसला होता. त्यामुळे माझ्या आतल्या डाव्या बाजूला आजही सातचा पाढा कोरलेला आहे. तो चुकलेला आहे. सात साते पन्नास, असं तिथं लिहिलंय. कोरणाऱ्याला एकानं काही फरक पडत नसावा.

तर हे तिघे दोस्त. पहिला सुतार, त्याला सगळे मिस्त्री म्हणत. दुसरा प्रोफेसर. त्यानं उभ्या जन्मात कुणाला काही शिकवलं नव्हतं आणि विज्ञानात तर तो नापास झाला होता. पण काळा लांब कोट शिवून घेतलेल्या जादूगाराला काहीतरी म्हणावंच लागतं. तिसरा बारक्या. लहानपणी बारीक होता म्हणून बारक्या, आणि मोठेपणीही बारीकच राहिला, कारण एकदा नाव पडलं की ते निभवावं लागतं. तो दिवसा घरोघर जाऊन विजेचे मीटर वाचायचा आणि संध्याकाळी नाहीसा व्हायचा.

नाहीसा व्हायचा म्हणजे माझ्यातून. काम असं होतं. बारक्या माझ्यात शिरायचा. प्रोफेसर माझं दार लावायचा, हवेत हात फिरवायचा आणि दार उघडायचा. आत कुणी नाही. मग तो थिएटरच्या पार मागच्या, मुख्य दाराकडे बोट दाखवायचा. ढोलवाला ढोल घुमवायचा, आणि सगळ्या प्रेक्षकांच्या पाठीमागून, त्या दारातून, बारक्या चालत यायचा.

हे कसं व्हायचं ते मी सांगणार नाही. माझ्या मागच्या फळीबद्दल मी काहीही बोलणार नाही. मला मागची फळी आहे असंही मी म्हटलेलं नाही. मी तयार झाले त्या दिवशी तिघांनी माझ्यावर हात ठेवून शपथ घेतली होती की ही गोष्ट आपल्याबाहेर जाणार नाही. मला हात नसल्यामुळे मला कुणी विचारलं नाही. तरी मी मनातल्या मनात घेतली. शपथ घ्यायची संधी लाकडाला फारशी येत नाही.

मिस्त्री कामात पक्का होता. पहिल्या खेळाआधी त्यानं मला रंगमंचावर काळ्या पडद्यापुढे उभं केलं, बारक्याला आत घातलं आणि स्वतः थिएटरातल्या प्रत्येक खुर्चीवर जाऊन बसला. ‘इथून दिसत नाही,’ असं ओरडायचा आणि पुढच्या खुर्चीवर सरकायचा. एक खुर्ची मोडकी होती. तिच्यावरही बसला. ‘इथूनही दिसत नाही!’ हे त्यानं पडता पडता सांगितलं.

मित्रांनो, ते माझे सुखाचे दिवस होते. आम्ही गावोगाव दौरे केले. बारक्या दारातून येताना कधी धापा टाकायचा, कधी त्याच्या चपलांना चिखल असायचा. एकदा तर तो नखशिखांत निथळत आला. प्रोफेसर क्षणभरही अडखळला नाही. ‘रसिकहो,’ तो म्हणाला, ‘पलीकडच्या जगातही आज पाऊस आहे!’ अशा टाळ्या मी पुन्हा ऐकल्या नाहीत. मिस्त्री खेळ संपला की माझ्या बिजागऱ्यांना तेल द्यायचा. बारक्या बाहेर पडताना माझ्या कडेवर थाप मारायचा, बैलाच्या पाठीवर मारतात तशी. मला ते आवडायचं. मी तसं दाखवलं नाही.

एका दौऱ्यावरून परत आलो तर थिएटरच्या मालकानं वर बाल्कनी बांधून घेतली होती. तिथली तिकिटं स्वस्त. गिरणीतले, दुकानांतले, गोदामांतले लोक वर बसू लागले. गर्दी वाढली. तिघांनी खालूनच वर पाहिलं, ‘छान झाली’ म्हणाले आणि कामाला लागले.

फक्त एक गोष्ट प्रोफेसरला खुपायची. त्यानं माझं दार लावलं की नेमक्या त्याच वेळी बाल्कनीतले लोक माना खाली घालायचे. सगळेच्या सगळे. कुणी चपलेचा पट्टा चाचपायचं, कुणी मांडीवरच्या पिशवीत डोकं घालायचं. टाळ्या सुरू झाल्या की पुन्हा सगळे वर बघायचे आणि सगळ्यांत जोरात टाळ्या तेच वाजवायचे.

‘मी इथं माणूस नाहीसा करतोय,’ प्रोफेसर बायकोला म्हणायचा, ‘आणि वरचे लोक पिशवीत काय शोधतात?’

त्याची बायको तिकिटाच्या खिडकीत बसायची. मिस्त्री आणि बारक्या तिला वहिनी म्हणायचे, म्हणून मीही मनात वहिनीच म्हणते.

‘स्वस्तातलं तिकीट आहे,’ वहिनी म्हणायची. ‘तेवढ्यात अर्धाच खेळ बघत असतील.’

मग शहरात दुसरा जादूगार आला. त्याच्या कोटावर आरशांचे तुकडे शिवलेले होते. दिव्याखाली उभा राहिला की पहिल्या तीन रांगा डोळे मिटून घ्यायच्या. लोकांनी त्याचं नाव झुंबर ठेवलं. नदीपलीकडच्या मोठ्या थिएटरात त्याचे खेळ लागले. वहिनी शेजारणीबरोबर जाऊन बघून आली आणि खेळ सुरू होण्याआधी थेट विंगेत, माझ्याजवळ, प्रोफेसरपुढे येऊन उभी राहिली.

‘अहो, त्याच्याकडं पत्र्याची पेटी आहे. एक मुलगी आत जाते. नाहीशी होते.’

‘मग?’

‘मग मुख्य दारातून येते.’

प्रोफेसर तिच्याकडे वळला. ‘धापा टाकते का?’

‘टाकते.’

प्रोफेसर खाली बसला. खाली काही नव्हतं, पण तो बसला. ‘पेटी कुणीही करेल,’ तो म्हणाला. ‘धाप मात्र ज्याला आतली गोष्ट ठाऊक आहे त्यालाच लागणार. ही गोष्ट जगात तिघांना माहीत. मी कुणाला सांगितली नाही. उरले दोघे.’

‘मलाही माहीत आहे की.’

‘तू घरची.’

‘आणि ही पेटी?’

‘पेटी बोलते का?’

मी गप्प राहिले. त्या क्षणी तोंड उघडलं असतं तर संशय माझ्यावरच पक्का झाला असता.

वहिनी म्हणाली, ‘अहो, सरळ विचारा ना दोघांना. लहानपणापासूनचे आहेत.’

‘विचारलं की खोटं बोलतील.’

‘आणि खरं बोलले तर?’

या शक्यतेचा प्रोफेसरनं विचार केलेला नव्हता. तो त्यानं पुढेही केला नाही. त्यानं दोघांची परीक्षा घ्यायचं ठरवलं.

तो आधी मिस्त्रीला माझ्या आडोशाला घेऊन आला. ‘पुढच्या मोसमात मी उंट नाहीसा करणार आहे. कुणाला सांगू नकोस. बारक्यालाही नाही.’ मिस्त्रीनं मान डोलावली. दुसऱ्या दिवशी प्रोफेसरनं बारक्याला तिथंच आणलं. ‘पुढच्या मोसमात मी पियानो नाहीसा करणार आहे. कुणाला सांगायचं नाही. मिस्त्रीला नाही. मलासुद्धा नाही.’

‘तुला तर माहीतच आहे,’ बारक्या म्हणाला.

‘मी विचारलं तरी सांगायचं नाही. कोण कुठून ऐकत असेल सांगता येत नाही.’

‘तू विचारलंस तरी?’

‘मी विचारलं तर मुळीच नाही. तेव्हा मी दबावाखाली असेन.’

‘कुणाच्या?’

‘तेही विचारायचं नाही.’

‘बरं,’ बारक्या म्हणाला. तो एकदा बरं म्हणाला की विषय संपायचा.

प्रोफेसरची योजना सोपी होती. झुंबरच्या पोस्टरवर उंट आला तर मिस्त्री फुटला. पियानो आला तर बारक्या फुटला. तो रोज नदीपलीकडे जाऊन पोस्टर बघून यायचा. पोस्टरवर फक्त झुंबर असायचा.

इकडे भलतंच चालू होतं. मला ते नंतर, तुकड्यातुकड्यांनी कळलं. माझ्यासमोर लोक मोकळेपणानं बोलतात, कारण मी कपाट आहे असं त्यांना वाटतं. मी कपाट नाही.

उंटाचं कानावर पडताच मिस्त्री कामाला लागला होता. दोस्ताला पुढच्या मोसमात उंटाची पेटी लागणार. मग ती आधीच तयार नको का? त्यानं उंट कधी पाहिलेला नव्हता. त्यानं मुलीच्या पुस्तकातला उंट पाहिला. पुस्तकात उंट बोटाएवढा होता. खरा केवढा असेल याचा अंदाज येईना, म्हणून त्यानं पेटी जरा सढळ हातानं बांधली. ती इतकी मोठी झाली की त्याच्या सुतारकामाच्या कारखान्याच्या दारातून बाहेर निघेना. बायकोनं विचारलं, ‘हे काय बांधताय?’ गुपित फोडायचं नव्हतं. ‘तुझ्या आईसाठी खोली करतोय,’ तो म्हणाला. बायकोच्या डोळ्यांत पाणी आलं. तिनं आईला बोलावणं धाडलं. मिस्त्रीनं कारखान्याला कुलूप लावायला सुरुवात केली.

आणि बारक्या पियानो मोजत होता. नाहीशी करायची वस्तू आधी नीट मापून घ्यावी, असं त्याचं म्हणणं. मीटर वाचायला ज्या घरी जाई तिथं पियानो दिसला की तो टेप काढून त्याच्याखाली शिरायचा. विजेचा माणूस पियानोखाली झोपला की घरचे घाबरतात. ‘गळती शोधतोय,’ बारक्या शांतपणे सांगायचा. काही घरांनी त्या रात्रीपासून पियानो वाजवणं बंद केलं. पण घरचे पियानो लहान पडत होते. शहरातला सगळ्यांत मोठा पियानो कुठं होता? झुंबरच्या थिएटरात, रंगमंचाच्या कोपऱ्यात.

तुमच्या लक्षात आलंच असेल.

एका दुपारी प्रोफेसर खोट्या मिशा लावून झुंबरचा खेळ बघायला गेला. त्यानं ती धापा टाकणारी मुलगी पाहिली. खेळ सुटल्यावर तो जड पावलांनी बाहेर आला, तर कलाकारांच्या दारातून बारक्या बाहेर पडत होता. हातात टेप. दारवानाशी काहीतरी हसत बोलत होता. प्रोफेसर एका खांबाआड झाला. मिशांचं एक टोक सुटून लोंबत होतं. हे त्यानंच मला सांगितलं. एकटा असला की तो माझ्याशी बोलतो. ‘तोच,’ तो माझ्या दाराशी म्हणाला. ‘तोच निघाला.’ त्याचा आवाज ओळखू येत नव्हता. मला वाटलं, त्याला उंट हवा होता. उंट निघाला असता, म्हणजे मिस्त्री फुटला असता, तर त्याला सोसलं असतं.

संध्याकाळी खेळाआधी तिघे विंगेत माझ्याजवळ उभे होते.

‘दुपारी कुठं होतास?’ प्रोफेसरनं बारक्याला विचारलं.

‘मीटर.’

‘झुंबरच्या थिएटरात?’

‘तिथंही वीज आहे.’

‘टेप घेऊन?’

बारक्यानं आधी मिस्त्रीकडे पाहिलं, मग प्रोफेसरकडे. ‘सांगता येणार नाही.’

‘मला?’

‘तुला तर नाहीच.’

मिस्त्री मध्ये पडला. ‘अरे सांगून टाक ना बाबा, काय असेल ते. आपल्यात कसली लपवाछपवी?’

‘तू कारखान्याला कुलूप का लावतोस हल्ली?’ बारक्यानं विचारलं.

मिस्त्री हातोडीच्या दांड्याकडे बघत राहिला.

‘शेवटचं विचारतो,’ प्रोफेसर म्हणाला.

‘विचारू नकोस,’ बारक्या म्हणाला. त्यानं हे अगदी कळवळून सांगितलं. दोस्त कुणाच्या तरी दबावाखाली आहे आणि आपण शब्द पाळला पाहिजे, हे त्याच्या चेहऱ्यावर मला स्पष्ट दिसत होतं. पण तो चेहरा वाचायला जो माणूस तिथं हवा होता, तो खांबाआडून आलेला होता.

‘आजचा खेळ कर,’ प्रोफेसर म्हणाला. ‘उद्यापासून येऊ नकोस.’

बारक्याला आधी ते कळलं नाही. मग कळलं. ‘बरं,’ तो म्हणाला.

थिएटर भरलं होतं. पडदा उघडला. रुमाल झाले, पत्ते झाले, पाण्याचा ग्लास झाला. मग माझी पाळी आली. बारक्या प्रेक्षकांपुढे वाकला आणि माझ्यात शिरला. प्रोफेसरनं दार लावलं. एरवी बारक्या क्षणात निघायचा. (म्हणजे काय करायचा, ते मी सांगणार नाही.) त्या दिवशी तो थांबला. त्यानं माझ्या दाराला आतून कपाळ टेकवलं. त्याच दाराच्या दुसऱ्या बाजूला प्रोफेसरचा हात होता. मध्ये मी होते, बोटभर जाडीची.

मग तो गेला. थाप मारली नाही.

प्रोफेसरनं दार उघडलं. आत कुणी नाही. टाळ्या. त्यानं मुख्य दाराकडे बोट केलं. ‘तो पाहा!’

ढोल घुमायला लागला. दार उघडलं आणि एक बाई आत आल्या. त्या हात धुवायला बाहेर गेल्या होत्या. थिएटरात टाळ्यांचा कडकडाट झाला. बाई जागीच थबकल्या, मग मान लववून आपल्या खुर्चीवर जाऊन बसल्या. ढोल चालूच होता. दार पुन्हा उघडलं नाही. ढोलवाल्याचे हात भरून आले, तसा ढोल मंदावला आणि थांबला.

‘तो पाहा!’ प्रोफेसर पुन्हा म्हणाला. त्याचं बोट तसंच. कुणीतरी हसलं. मग तेही थांबलं.

‘बारक्या?’ तो म्हणाला. हा रंगमंचावरचा आवाज नव्हता. शाळा सुटल्यावर हाक मारावी तसा होता.

तेव्हा बाल्कनीतून आवाज आला. ‘प्रोफेसर, तो आज पळाला नाही.’

सगळ्या थिएटरनं मान वर केली. बाल्कनीच्या पहिल्या रांगेत एक बाई उभ्या होत्या. मांडीवरची पिशवी त्यांनी काखेत धरली होती.

‘कोण बोलतंय?’

‘मी काजं करते शर्टांची. ते राहू द्या. तो रोज पेटीतनं निघाला की पडद्याच्या कडेनं पळत सुटतो. आज चालत गेला. चपला हातात होत्या.’

प्रोफेसरनं एकदा माझ्याकडे पाहिलं, एकदा वर. ‘तुम्हाला... तिथून दिसतं?’

‘वरून सगळंच दिसतं हो. पेटीच्या मागचंसुद्धा.’

‘कधीपासून?’

‘बाल्कनी झाल्यापासून.’

‘आणि तुम्ही कुणी बोलला नाहीत?’

‘कशाला बोलायचं?’ बाईंना प्रश्नच कळला नाही. ‘ती वेळ आली की आम्ही माना खाली घालतो. नवीन कुणी आलं की शेजारचा त्याला सांगतो. तशी पद्धतच आहे वर. एकच माणूस ऐकेना. महिनाभर येऊन टक लावून बघायचा. साधा कोट घालून यायचा, पण बाहीला एक आरसा राहिला होता. आम्ही त्याला खूप बोललो. त्यानंतर नाही आला.’

पडद्यामागून मिस्त्री बाहेर आला आणि हातोडी घेऊन तसाच उभा राहिला. प्रत्येक खुर्चीवर बसलेला तो माणूस तोंड उघडं टाकून बाल्कनीकडे बघत होता. तिथल्या एकाही खुर्चीवर तो बसलेला नव्हता. कोण कधी जाणार वर? खेळ चालू असताना एक रंगमंचावर, एक पडद्यामागे आणि एक माझ्यात.

‘अहो, उभे काय राहिलात?’ बाल्कनीतून दुसरा कुणीतरी ओरडला. ‘जा ना! फाटकाबाहेर पडला तर सापडायचा नाही!’

मागच्या, फाटकाकडे उतरणाऱ्या जिन्याकडे विंगेतून गेलं तर फेरा पडतो. सगळ्यांत जवळचा रस्ता माझ्यातून आहे. असं मी म्हटलेलं नाही. पण प्रोफेसर कोट सावरत माझ्यात शिरला आणि सवयीप्रमाणे आतून दार ओढून घेतलं. आणि मित्रांनो, आता लपवण्यासारखं काहीएक उरलेलं नसताना, वरच्या सगळ्या बाल्कनीनं माना खाली घातल्या.

मिस्त्री पुढे झाला. दुसरं काय करावं ते न सुचून त्यानं माझं दार उघडलं. आत कुणी नाही. टाळ्या.

जी फळी मला नाही ती प्रोफेसरनं उघडीच टाकली होती, त्यामुळे मागचं बोलणं मला ऐकू आलं. बारक्या जिन्याच्या शेवटच्या पायरीवर बसून चपला घालत होता.

‘पियानो मोजायला गेला होतास?’ प्रोफेसरनं विचारलं.

‘सांगता येणार नाही.’

‘अरे गाढवा, मीच सांगितलं होतं ना ते!’

‘तू विचारलंस तरी सांगायचं नाही, हेही तूच सांगितलं होतंस.’

‘पियानो नव्हताच रे. मी तुझी परीक्षा घेत होतो.’

चपला घालण्याचा आवाज थांबला. मग बारक्याचा आवाज आला. ‘पास झालो का?’

प्रोफेसर त्याच्या शेजारी पायरीवर बसला असावा. पायरी वाजली.

‘मिस्त्रीचीही घेतलीस?’

‘त्याला उंट सांगितला होता.’

‘म्हणून कुलूप होय!’ बारक्या हसला. प्रोफेसरही हसायला लागला, पण बारक्या आधी थांबला, त्यामुळे त्याला एकट्यालाच हसावं लागलं. मग तोही थांबला.

‘चल आत. लोक थांबलेत.’

‘नाही.’

‘माझं चुकलं बारक्या. पार चुकलं.’

‘ते कळलं रे. तुझ्यावर राग नाही. पण त्या पेटीत मी आता जाणार नाही. आत काळोख असतो आणि दार बाहेरून तू लावतोस. इतकी वर्षं माझ्या हे कधी ध्यानातच आलं नव्हतं. आज आलं.’

‘म्हणजे संपलं सगळं?’

‘संपायला काय झालं? उद्या येईन की. तिकीट काढून. वरचं.’

तो खरंच आला. रांगेत उभा होता. वहिनी खिडकीतून म्हणाली, ‘भावजी, तुम्ही कशाला रांगेत?’ तर म्हणाला, ‘मी आता प्रेक्षक आहे वहिनी. सुटं घ्या.’

त्या दिवसापासून माझ्यात प्रोफेसर शिरायला लागला आणि दार मिस्त्री लावायला लागला. हात हवेत फिरवताना मिस्त्री रंधा मारल्यासारखा दिसायचा. शहरात सगळ्यांना सगळं कळलं होतं, तरी गर्दी तुटली नाही. आता खालचे लोकही माना खाली घालायला लागले. दार लागलं की अख्खं थिएटर आपापल्या चपलांकडे बघायचं. एकच माणूस मान वर करून असायचा. बारक्या. बाल्कनीचा कठडा धरून उभा राहायचा आणि प्रोफेसर मागून नीट उतरला ना, ते बघायचा. प्रोफेसरच्या गुडघ्यांचा भरवसा नव्हता. उतरला की बारक्या खाली बसायचा आणि मग टाळ्या सुरू व्हायच्या.

पुढे गुडघ्यांनी ऐकलं नाही आणि खेळ बंद झाला. उंटाची पेटी अजून कारखान्यातच आहे. मिस्त्रीच्या सासूबाई तिच्यात राहतात आणि प्रशस्त आहे म्हणतात. सुट्टीच्या दिवशी तिघे दोस्त तिथं पत्ते खेळायला जमतात असं कानावर येतं. बारक्या दाराजवळची जागा धरून बसतो आणि दार उघडं ठेवतो. प्रोफेसर ते पाहतो. आणि पत्ते पिसतो.

मी थिएटरच्या सामानाच्या खोलीत आहे. मित्रांनो, आत्मवृत्ताच्या शेवटी उपदेश करायचा असतो, तो करते. लाकडी वस्तूंना अधूनमधून तेल द्या. आणि मित्राला काही विचारायचं असेल तर सरळ विचारा. मध्ये उंट आणू नका.

आता फक्त एक अर्ज उरला आहे.

मा. भांडारप्रमुख यांस सविनय सादर. माझ्या अंगावर आपल्या कार्यालयाने ‘रिकामे कपाट’ अशी चिठ्ठी डकवली असून माझ्यात सात झाडू व एक बादली ठेवण्यात आली आहे. अर्जदार कपाट नाही. अर्जदार रिकामीही नाही. आतील इसम कामानिमित्त बाहेर गेला आहे. तरी चिठ्ठीत तशी दुरुस्ती करण्यात यावी, झाडू व बादली अन्यत्र हलवून जागा सदर इसमाच्या नावे राखून ठेवावी, आणि तो ज्या दिवशी येईल त्या दिवशी माझे दार बाहेरून कोणीही लावू नये, असा लेखी आदेश व्हावा, ही विनंती.